पहिली कालवड शेजाऱ्याला

डहाणूच्या ब्रदरन मिशन रुग्णालयाची जुनी माहिती चाळताना मी भलत्याच ठिकाणी जाऊन पोचलो. हे रुग्णालय काढणारा ‘चर्च ऑफ द ब्रदरन’ हा अमेरिकेतला छोटासा ख्रिस्ती पंथ. त्याचे पहिले मिशनरी विल्बर व मेरी स्टोव्हर आणि बर्था रायन १८९४ साली मुंबईत उतरले, बलसाडला म्हणजे आजच्या वलसाडला त्यांनी बस्तान बसवलं, आणि तिथून हा पसारा डहाणू-वाड्यापर्यंत आला. मिशनांच्या इतिहासात यात नवं काही नाही. पण याच पंथाने पुढे युद्धात उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांसाठी जहाजं भरभरून गायी पाठवल्या. त्या गायींबरोबर एक अट होती. गाभण कालवड फुकट मिळेल, दूध तुमचं; मात्र तिला होणारी पहिली कालवड गावातल्या दुसऱ्या गरजू घराला द्यायची. त्या घरानेही पुढे तेच करायचं.

ही अट वाचली आणि वाटलं, अरे, हे तर आपलं अर्धलीचं कलम! फक्त कुणीतरी त्याचं तोंड फिरवलंय.

अर्धली ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ज्याच्याकडे जनावर आहे पण राखायला माणूस नाही, तो आपली लहान कालवड किंवा शेळी एखाद्या भूमिहीन माणसाला सांभाळायला देतो. चारापाणी आणि राखण पाळणाऱ्याकडे. कालवड व्याली की हिशेब होतो. कुठे चार माणसं बसून जनावराची किंमत ठरवतात आणि एकाने दुसऱ्याला निम्मे पैसे देऊन ते ठेवून घ्यायचं. कुठे पहिलं वासरू मालकाचं, दुसरं पाळणाऱ्याचं. शेळीची करडं निम्मी-निम्मी. रीत गावागणिक बदलते. कागद बहुधा नसतो. शब्द असतो, आणि भांडण लागलंच तर तीच चार माणसं.

आता ब्रदरन पंथाची गोष्ट. तिचे सर्वांना माहीत असलेले टप्पे भराभर सांगतो. १७०८ साली जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावात अलेक्झांडर मॅक आणि त्याच्या साथीदारांनी हा पंथ स्थापला. शस्त्र हाती घ्यायचं नाही हे त्यांचं तत्त्व. छळ झाला, तेव्हा १७१९ पासून ते टप्प्याटप्प्याने पेनसिल्व्हेनियात गेले आणि शेतकरी झाले. म्हणजे निर्वासितांना गायी देणारे हे लोक स्वतः निर्वासितांचे वंशज.

त्यांच्यातलाच डॅन वेस्ट. जन्म १८९३चा, पहिल्या महायुद्धात लढायला नकार दिलेला माणूस. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटल्यावर १९३७ साली तो मदतकार्यासाठी तिथे गेला. क्वेकर, मेनोनाइट आणि ब्रदरन हे तीन शांततावादी पंथ मिळून दोन्ही बाजूंच्या मुलांना अन्न पुरवत होते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मालागा शहर पडलं आणि तिथून पळालेली माणसं किनाऱ्याकिनाऱ्याने आल्मेरिया, मुर्सियापर्यंत येऊन पडली होती. अशा मुलांना पाण्यात कालवलेली दूध पावडर पेल्याने मोजून दिली जाई. दूध कमी, तोंडं जास्त. कुणाला द्यायचं आणि कुणाचं नाव यादीतून काढायचं, हे ठरवण्याची पाळी वेस्टवर येई. ज्या मुलाचं वजन वाढतच नाही त्याचं दूध बंद करून ते जगण्याची आशा असलेल्या मुलाला द्यायचं, असा तो हिशेब होता असं सांगतात. तिथे त्याला सुचलं की यांना पेला देऊन भागणार नाही, गाय दिली पाहिजे. पुढे दंतकथेत एक बदामाचं झाडही आलं. त्याच्या सावलीत बसून त्याला हे सुचलं म्हणे. झाड असो वा नसो, १९३८ साली तो इंडियानातल्या आपल्या शेतावर परतला तो ही कल्पना घेऊनच.

पंथाच्या गळी ती उतरायला चार वर्षं लागली. १९४२ साली उत्तर इंडियानातल्या ब्रदरन शेतकऱ्यांनी योजना उचलली. पहिल्या तीन कालवडींची नावं फेथ, होप आणि चॅरिटी. युद्धामुळे युरोपचा समुद्र बंद होता, म्हणून १९४४ साली पहिल्या १७ कालवडी गेल्या पोर्तो रिकोला. ज्या स्पेनसाठी हे सगळं सुचलं, तो पहिल्या यादीत नव्हताच.

१९४५ मध्ये युरोपातलं युद्ध संपलं आणि काम एकदम फुगलं. युद्धग्रस्तांच्या मदतीसाठी व पुनर्वसनासाठी स्थापन झालेली ‘अन्रा’ ही आंतरराष्ट्रीय संस्था ग्रीस, पोलंड वगैरे देशांना जनावरं पाठवणार होती. तिच्याकडे जहाजं होती, पण बोटीवर जनावरं सांभाळणारी माणसं नव्हती. ब्रदरनांकडे माणसं होती, जहाजं नव्हती. सौदा जमला. १९४५ ते १९४७ या काळात सुमारे ७,००० माणसं अशी समुद्रावर गेली. त्यांना म्हणत ‘सीगोइंग काउबॉय’, समुद्रावरचे गुराखी. त्यात मिसरूड न फुटलेली पोरं होती तसे पिकल्या केसांचे शेतकरीही. नियमाप्रमाणे खलाशी म्हणून नाव नोंदवावं लागे, त्याचा पगार महिन्याला एक सेंट; खरं मानधन ‘अन्रा’कडून, एका फेरीचे १५० डॉलर.

काम गोठ्यातलंच, फक्त गोठा हलता. तळातून वर ओढलेले गवताचे भारे सोडायचे, बादल्यांनी पाणी पाजायचं, शेण काढायचं, आणि मधूनच कठड्याला धरून स्वतः ओकायचं. अशा सुमारे ३ लाख जनावरांत बहुतेक घोडे आणि खेचरं होती, कारण युद्धाने युरोपातल्या शेतकऱ्याचं नांगराला जुंपायचं जनावरच संपवलं होतं. ब्रदरनांच्या कालवडी त्या मानाने थोड्या. पण त्या मुद्दाम गाभण निवडलेल्या असत, म्हणजे पोचल्या-पोचल्या घरात दूध सुरू. काही तर वाटेतच वीत. पेनसिल्व्हेनियाच्या कालवडीचं पहिलारू वासरू भर अटलांटिकमध्ये उभं राहायला धडपडतंय आणि शेजारी काल शाळेतून आलेला पोरगा त्याला पुसून काढतोय, असे प्रसंग या बोटींवर घडले.

हे झालं सर्वांना मान्य. वाद पुढे आहे. पहिली कालवड शेजाऱ्याला, हा नियम आला कुठून?

धार्मिक लोकांचं उत्तर तयार असतं: बायबलमधून. पहिलं फळ देवाचं, उत्पन्नाचा दशांश देवाचा. त्याचंच हे रूप. ऐकायला छान आहे, पण गोठ्यात उतरून पाहिलं की टिकत नाही. निर्गमाच्या पुस्तकात देवासाठी राखून ठेवायचा तो पहिला नर. मादीचा तिथे प्रश्नच नाही. इथे उलट. गोऱ्हा झाला तर तो कुणी मागत नाही. वाट पाहायची ती कालवडीची. यज्ञाला नर चालतो, कारण तो संपवायचा असतो. इथे वंश वाढवायचा आहे. हा नियम वेदीपाशी जन्मला नाही, तो धारा काढणाऱ्याने केला आहे.

दुसरा दावेदार अधिक तगडा आहे, आणि त्याने माझी झोप उडवली होती. अमेरिकेच्या खेड्यांत त्याच काळात ‘पिग चेन’ नावाचा प्रकार होता. शेतकी शिकणाऱ्या मुलाला चांगल्या जातीची डुकराची एक तरुण मादी द्यायची. ती व्याली की त्याने पिलांतल्या एक-दोन माद्या परत करायच्या, त्या पुढच्या मुलाला. सिअर्स रोबक या मोठ्या दुकानदार कंपनीच्या प्रतिष्ठानाने १९३० नंतरच्या दशकात अशा साखळ्यांना पैसे पुरवले. वेस्ट तरुणांमध्ये काम करणारा, शेतकरी, इंडियानाचा. त्याच्या कानावर हे गेलं नसेल असं म्हणणं अवघड आहे. मग अर्धली कशाला शोधायची?

कारण पिग चेन हीसुद्धा अर्धलीचीच लेक आहे. तिच्यात पिलू परत जातं ते देणाऱ्या समितीकडे, आणि पुढचा मुलगा कोण हे समिती ठरवते. ‘जनावर माझं, पाळणूक तुझी, वीण वाटून’ हा जो सांगाडा आहे, तो सिअर्स कंपनीने काही शोधला नव्हता. तो युरोपभर होता. इटलीत त्याला ‘सोच्चिदा’ म्हणतात. फ्रान्समध्ये तो इतका रुळलेला होता की १८०४च्या नेपोलियनच्या दिवाणी संहितेत त्यावर १८०० ते १८३१ अशी सलग कलमं आहेत. त्यातलं १८११वं मला फार आवडतं: पाळणाऱ्याची चूक नसताना जनावरं दगावली तर सगळा तोटा त्याच्याच माथी मारण्याची अट घालता येणार नाही. आमच्या गावातली चार माणसंही हाच निवाडा देतील. जर्मन भाषक मुलखातही जनावरं वाट्याने देण्याची रीत होती, आणि ब्रदरनांचं मूळ तिथलं. त्यांनी पेनसिल्व्हेनियात नेलेल्या शेतकी सामानात हे शहाणपणही होतं असं मी बेलाशक धरतो. आफ्रिकेत त्स्वाना लोकांची ‘माफिसा’ त्याच कुळातली. आपल्याकडे तर नारदस्मृतीत गुराख्याची मजुरीच जनावरात सांगितली आहे: शंभर गायी राखल्या तर वर्षाला एक कालवड, दोनशे राखल्या तर दुभती गाय. गाय ही गायीतच मोजायची, ही सवय फार जुनी.

पण गुराख्याची ही मजुरी सोडली तर बाकी सगळ्या रीतींत द्यायचं वासरू चढणीला जातं. मालकाकडे, पाटलाकडे, समितीकडे. अकोला जिल्ह्यात अलीकडे निघालेली कारखेड्याची ‘गोट बँक’ घ्या. गाभण शेळी मिळते आणि ४० महिन्यांत चार करडं द्यावी लागतात, ती बँकेला. व्यवहार चोख आहे, बायकांच्या हातात शेळ्या येतात, पण दिशा जुनीच. वेस्टच्या नियमात वासरू आडवं जातं, शेजारच्या दारात. हा बदल कुणी आणि का केला, हा माझ्या मते या कुळकथेतला खरा प्रश्न आहे.

माझं उत्तर: समुद्राने केला. इंडियानातल्या शेतकऱ्याने दिलेली कालवड पोलंडमधल्या घरी व्याली. वाटा द्यायचा तर कुणाला? मालक अटलांटिकपलीकडे. वासरू परत पाठवायचं तर बोटीचा खर्च वासराच्या किमतीहून जास्त. गावात पाटील उरलेला नाही, कारण तिथे सगळेच कालपरवा पडक्या घरांत परतलेले किंवा दुसरीकडून आलेले. शेजारी मात्र आहे, आणि त्याच्या घरातही पोरं आहेत. अर्धलीच्या करारातला मालक एवढा दूर गेला की त्याच्या वाट्यावर शेजाऱ्याचं नाव लागलं. यात धर्माचा भाग नाही असं मी म्हणत नाही. आपला वाटा सोडून देणारा मालक मिळणं ही धर्माचीच करामत. अर्धलीचा कुठला मालक असा वाटा सोडेल? पण वाटा सोडल्यावर तो कुणाच्या गोठ्यात बांधायचा, ते युद्धाने आणि समुद्राने ठरवलं.

या तर्कावर कुणी म्हणेल की वेस्टने स्पेनमध्येच हे ठरवलं, तेव्हा बोटी कुठे होत्या? रास्त प्रश्न आहे. पण स्पेनही समुद्रापलीकडेच होतं, आणि आपल्या पंथाच्या गायी तिथे न्यायच्या तर त्या परत यायच्या नाहीत हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

माझ्या बाजूचा सगळ्यात मोठा साक्षीदार रवांडा. तिथे ‘उबुहाके’ नावाची जुनी रीत होती. सरदार गाय देई, घेणारा आयुष्यभर त्याची चाकरी करी. १९५४ साली ती रद्द झाली. १९९४च्या नरसंहारात लाखो माणसं मारली गेली आणि त्याहून जास्त देशोधडीला लागली. २००६ साली तिथल्या सरकारने ‘गिरिंका’ योजना काढली: गरीब कुटुंबाला एक गाय, आणि पहिली कालवड शेजाऱ्याला. ब्रदरनांनी सुरू केलेली संस्था, जी १९५३ पासून पंथापासून वेगळी होऊन पुढे ‘हेफर इंटरनॅशनल’ झाली, ती तिथे आधीच काम करत होती. नियम तिच्याकडून आला हे उघड आहे. पण रवांडाच्या माणसाला तो परका का वाटला नाही? कारण गाय देऊन माणूस बांधायची रीत त्याच्या हाडात होती. आता बांधला गेला तो शेजाऱ्याशी. जिथे शेजाऱ्यानेच शेजाऱ्याला मारलं होतं, तिथे हा फरक लहान नव्हे. जुलै २०१८ मध्ये पंतप्रधान मोदींनी रवेरू गावात याच योजनेला २०० गायी दिल्या. त्या भारतातून नेल्या नव्हत्या, तिथल्याच विकत घेतल्या होत्या. जहाज, गुराखी, बादल्या सगळं गळालं, अट टिकली.

माझी उपपत्ती मोडायची असेल तर तेही सोपं आहे. अर्धलीचा एखादा जुना करार किंवा तोंडी रीत दाखवावी, ज्यात मालक जवळ आणि धडधाकट असताना पहिली कालवड त्याच्याऐवजी शेजाऱ्याकडे गेली. डहाणू-वाड्याच्या पाड्यांवरच ती सापडली तर समुद्राची माझी सगळी मांडणी कोसळेल. मग ब्रदरन मिशनरी ही रीत इथूनच अमेरिकेला घेऊन गेले की काय, असा याहून मोठा दावा करायला मी मोकळा होईन.