स्कूटरचे गिअर ऑइल: एका साध्या प्रश्नाचा इतिहास

गिअर ऑइल केव्हा बदलावे, हा प्रश्न भारतात स्कूटरइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर मात्र आजवर निदान दोनदा मुळापासून बदलले. वाहने बदलली, तरी सल्ले तेच राहिले.

कोरादिनो दास्कानियो या इटालियन विमान-अभियंत्याने रचलेली व्हेस्पा १९४६ साली बाजारात आली. तिला साखळी नव्हतीच. इंजिन, क्लच आणि गिअरपेटी एकाच धातूच्या कवचात मागच्या चाकाला खेटून बसवलेली होती. बजाज समूहाने १९४८ पासून ही स्कूटर भारतात आयात केली, १९५९ साली निर्मितीचा परवाना मिळवला आणि पिआजिओबरोबरचा करार संपल्यावर १९७२ मध्ये ‘चेतक’ आणली. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, असा तो काळ. हाती आलेली स्कूटर जपणे हा तेव्हा गृहस्थधर्मच होता.

या स्कूटरचे इंजिन टू-स्ट्रोक होते. अशा इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत येते आणि मग दट्ट्याच्या वर जाते. त्यामुळे त्या पेटीत तेल साठवून ठेवता येत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते आणि त्याच्याबरोबर जळून जाते. परिणामी ‘बदलावे’ असे तेल एकच उरले: गिअरपेटीतले, जेमतेम पाव लिटर. त्याच तेलात क्लचच्या प्लेटाही बुडालेल्या असत. म्हणजे दंतचक्रांचा धातूचा कीस आणि क्लचच्या अस्तराची झीज, दोन्ही त्यातच साचणार. गाळणारे फिल्टर तर नव्हतेच. पहिला बदल लवकर करायचा, तो याचसाठी. नव्या दंतचक्रांच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे पहिल्या काही शे किलोमीटरांतच घासून निघतात आणि तो सारा कीस तेलात उतरतो. पुढचे बदल हजारांच्या हिशेबात येत.

जाणता मेकॅनिक किलोमीटरच्या आकड्यावर थांबत नसे. काढलेल्या तेलाला पेट्रोलचा वास आला, तर क्रँकच्या क्लचकडील बाजूचे ऑइल सील गेले आहे, हे त्याला कळे. उलट इंजिनच गिअर ऑइल ओढू लागले, की सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघत आणि पेटीतले तेल घटत जाई. अशा वेळी नुसते तेल बदलून काय होणार?

तेल कोणते घालावे, याचा घोळ वेगळाच होता. व्हेस्पाच्या पेटीत एसएई ३० हे इंजिनांसाठीच्या मोजपट्टीवरचे तेल चाले. लँब्रेटाला एसएई ९० लागे. ती आधी मुंबईत तयार होत असे. पुढे १९७२ साली स्थापन झालेल्या लखनौच्या ‘स्कूटर्स इंडिया’ या सरकारी कंपनीने इटलीतील इनोसेंटीची यंत्रसामग्रीच विकत घेतली. ९० म्हणजे ३०च्या तिप्पट दाट, हा समज आजही ऐकू येतो आणि तो चूक आहे. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांच्या मोजपट्ट्याच निराळ्या आहेत. १०० अंश सेल्सिअसला गिअर ऑइलच्या ९०ची दाटी साधारणपणे इंजिन ऑइलच्या ४० ते ५०इतकीच भरते.

१९८४ साली कायनेटिक होंडा आली आणि गिअरचा दांडा गेला. गती बदलण्याचे काम पट्टा आणि दोन कप्प्यांवर आले, तेही कोरडे, क्लचही कोरडाच. तेल लागते ते फक्त शेवटच्या, वेग कमी करणाऱ्या दंतचक्रांना. पुढे अॅक्टिव्हासारख्या फोर-स्ट्रोक स्कूटर सर्वत्र पसरल्या, तेव्हा एकाच वाहनात दोन स्वतंत्र तेले आली: इंजिनाचे, आणि मागच्या छोट्या पेटीतले सुमारे १०० ते १२० मिलिलिटर. मोटारसायकलीत बहुधा एकच तेल इंजिन, क्लच आणि गिअर या तिन्हींना पुरते. त्यामुळे ‘ऑइल बदलले’ एवढे ऐकून स्कूटरचा मालकही निश्चिंत होतो, आणि मागची पेटी वर्षानुवर्षे तशीच राहते.

त्या पेटीत ना काजळी जाते, ना क्लचची धूळ, म्हणून तिचे तेल इंजिन ऑइलपेक्षा पुष्कळ टिकते; उत्पादकाच्या पुस्तिकेतले अंतर किंवा मुदत, जे आधी येईल ते पाळले की पुरे. अपवाद पाण्याचा. तुंबलेल्या रस्त्यातून स्कूटर काढल्यावर हवेच्या नळीवाटे पाणी शिरले, तर तेल दुधाळ होते. असे तेल दिसताच बदलावे, किलोमीटर कितीही झालेले असोत. मागच्या चाकाशी वेगाबरोबर चढत जाणारी घरघर ऐकू येईपर्यंत थांबले, तर बहुधा बेअरिंग गेलेले असते आणि नवे तेल त्याला वाचवू शकत नाही.

विजेवरच्या स्कूटरनी प्रश्न पुन्हा पालटला आहे. टीव्हीएस आयक्यूबची मोटर थेट चाकातच आहे, तिथे अशा पेटीची गरजच नाही. एथरच्या ४५० मालिकेत पट्टा आहे. मात्र २०२० साली विजेवर परतलेल्या चेतकमध्ये मोटर आणि चाक यांच्यामध्ये दंतचक्रे आहेतच, आणि दंतचक्रे आली की वंगणही आले.