चौथ्या पुस्तकाचं भांडण

'अर्थसी' वाचलेली दोन माणसं एकत्र आली की एक प्रश्न हमखास निघतो. चौथं पुस्तक वाचायचं, की तिसऱ्यावर थांबायचं? माझ्या टीममधल्या एका सीनियरने मला ही पुस्तकं सुचवतानाच बजावलं होतं, "तीनच वाच. चौथ्यात तिने सगळं घालवलंय." माझी मावसबहीण म्हणते, पहिली तीन म्हणजे चौथ्याची प्रस्तावना आहे. दोघंही हुशार, दोघंही या पुस्तकांवर जीव टाकणारी. एकाच लेखिकेच्या एकाच मालिकेबद्दल इतकी टोकाची मतं का पडावीत, हे शोधायला गेले तर मागे पन्नासेक वर्षांचा इतिहास निघाला. (पुढे कथानक उघड होणार आहे. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी पुस्तकं वाचून यावं, लेख कुठे पळून जात नाही.)

गोष्ट सुरू होते १९६७मध्ये. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेमध्ये पार्नासस प्रेस नावाची छोटी प्रकाशनसंस्था होती, मुख्यतः लहान मुलांची चित्रमय पुस्तकं काढणारी. तिचे प्रकाशक हर्मन शाइन यांनी उर्सुला ल ग्विन यांना विचारलं, जरा मोठ्या मुलांसाठी काही लिहाल का? ल ग्विन तेव्हा अडतिशीच्या आसपास होत्या आणि विज्ञानकथा लिहीत होत्या. खास किशोरांसाठी त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. पण १९६४मध्ये त्यांनी दोन कथा लिहिल्या होत्या, ज्यात बेटांचं एक जग होतं आणि त्या जगात प्रत्येक गोष्टीला एक गुप्त, खरं नाव होतं. ते नाव ज्याला कळेल त्याची त्या गोष्टीवर सत्ता. याच जगात त्यांना एक साधा प्रश्न पडला. मर्लिन काय किंवा गँडाल्फ काय, जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारेच का असतात? हे लोक कधीतरी पंधरा वर्षांचे असतीलच ना? मग जादू शिकले कुठे?

त्यातून १९६८मध्ये 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आलं. गॉन्ट बेटावरचा शेळ्या राखणारा, आई नसलेला गेड, रोक बेटावरची जादूगारांची शाळा, तिथला एक तिरकस बोलणारा श्रीमंत सहाध्यायी, गर्वापोटी केलेला एक भयंकर प्रयोग आणि त्यातून चेहऱ्यावर आलेले व्रण. हे सगळं कुठेतरी वाचल्यासारखं वाटत असेल तर लक्षात घ्या, हॅरी पॉटर अजून एकोणतीस वर्षं दूर होता.

या पुस्तकावरचं पहिलं भांडण झालं ते रंगावरून. गेड तांबूस तपकिरी वर्णाचा आहे. त्याचा जिवलग मित्र व्हेच काळा आहे. अर्थसीतले बहुतेक लोक सावळे, आणि सुरुवातीच्याच पानांत गेडच्या गावावर चालून येणारे लुटारू मात्र गोरे. ल ग्विन यांनी हे मुद्दाम गाजावाजा न करता पेरलं होतं. वाचक आधी गेडच्या बाजूने उभा राहतो, आणि मग त्याला कळतं की हा आपल्यासारखा गोरा नाही. (किंवा, तुमच्या-माझ्या बाबतीत, हा आपल्याच रंगाचा आहे.) पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर रूथ रॉबिन्स यांनी गेड तांब्याच्याच रंगात काढला होता. पुढच्या कित्येक आवृत्त्यांनी त्याला गोरा करून टाकलं. २००४मध्ये अमेरिकेच्या साय-फाय चॅनलने मालिका काढली तेव्हाही गेड गोराच होता. तेव्हा पंचाहत्तर वर्षांच्या ल ग्विन यांनी जाहीर लेख लिहून आपला राग व्यक्त केला. या वादात लेखिका आणि तिचे वाचक बहुतांशी एकाच बाजूला होते, म्हणून तो इथेच सोडते. खरं भांडण वेगळं आहे, आणि त्यात लेखिकेच्या समोर तिचेच वाचक उभे आहेत.

'विझर्ड'मध्ये रोकच्या शाळेत फक्त मुलगे शिकतात. जादूगारांनी ब्रह्मचारी राहायचं असतं. बायकांना जादू येते, पण ती गावठी, किरकोळ, प्रसंगी दुष्ट. गेडला पहिला मंत्र शिकवते ती त्याची मावशी, आणि तिचं ज्ञान अर्धंमुर्धं आहे असं आपल्याला लगेच सांगितलं जातं. बायकांची जादू दुबळी नाहीतर वाईट असते अशा अर्थाची एक म्हणच त्या बेटावर आहे. १९६८मध्ये हे फारसं कुणाला खटकलं नाही. पुस्तकाला दुसऱ्याच वर्षी बोस्टन ग्लोब-हॉर्न बुक पुरस्कार मिळाला.

१९७१मध्ये दुसरं पुस्तक आलं, 'द टूम्ब्स ऑफ आटुआन', आणि त्यात नायिका होती. टेनार नावाच्या लहान मुलीला आईबापांपासून उचलून आणतात, काळोखातल्या अनाम देवतांची पुजारीण करतात आणि तिचं नाव काढून घेतात. आता तिने स्वतःला आर्हा म्हणायचं, म्हणजे 'गिळली गेलेली'. थडग्यांखालच्या भुलभुलैयात सापडलेला गेड तिला तिचं जुनं नाव परत सांगतो, आणि ती तिथून बाहेर पडते.

हा भाग वाचताना मी मध्येच थांबले होते. माझ्या आईचं नाव लग्नात बदललं. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, फोटोही आहे. आजोळी गेलं की तिला ज्या नावाने हाक मारतात त्या नावाची बाई आमच्या घरात राहतच नाही. आणि हीच आई बाबांचं नाव मात्र उखाण्याशिवाय घेत नाही. नावात सत्ता असते हे अमेरिकी वाचकाला कल्पनेतली युक्ती वाटत असेल, आपल्याकडे तो लग्नातला एक विधी आहे. त्यामुळे टेनार ही गेडच्या गोष्टीतली दुय्यम व्यक्ती आहे असं मला कधी वाटलंच नाही.

तिसरं, 'द फार्देस्ट शोअर', १९७२चं. त्याला १९७३चं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. जगातली जादू आटत चालली आहे, गेड एका तरुण राजपुत्राला घेऊन मृतांच्या प्रदेशात जातो, तिथली फट बुजवतो आणि त्यात आपली सगळी शक्ती खर्च करून टाकतो. शेवटी तो ड्रॅगनच्या पाठीवर बसून निघून जातो. पुढे त्याचं काय झालं याच्या दोन वेगवेगळ्या आख्यायिका सांगून पुस्तक संपतं. इतका देखणा निरोप फार थोड्या नायकांना मिळतो.

मग अठरा वर्षं काही नाही. तसं म्हणायला, चौथं पुस्तक टेनारचं असणार हे ल ग्विन यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते सुरूही केलं होतं, पण अडलं. टेनार सगळं सोडून एका शेतकऱ्याशी लग्न का करते, हे त्यांना स्वतःलाच उमगत नव्हतं.

१९९०मध्ये 'तेहानू' आलं. उपशीर्षक, 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक'. बारा वर्षांच्या ज्या मुलाने १९६८मध्ये 'विझर्ड' वाचलं तो आता चौतीस वर्षांचा होता. त्याने उत्सुकतेने पुस्तक उघडलं, तर समोर एक मध्यमवयीन विधवा. टेनारच. पण गावात तिला गोहा म्हणतात. दोन मुलं मोठी होऊन गेलेली. तिने सांभाळायला घेतलेली एक लहान मुलगी, जिच्यावर तिच्याच माणसांनी अत्याचार करून तिला आगीत ढकललं होतं, आणि जिचा अर्धा चेहरा आणि एक हात जळून गेला आहे. ड्रॅगनच्या पाठीवरून गेड येतो तो अर्धमेला. बरा झाल्यावरही हा महान जादूगार लाजेने लपून बसतो, कारण राजाची माणसं त्याला शोधत आली आहेत आणि आता त्याला साधी जादूसुद्धा करता येत नाही. पुढे तो पुन्हा शेळ्या राखतो. टेनार आणि तो एकत्र राहू लागतात. टेनारचा मुलगा समुद्रावरून परत येतो आणि जेवलेलं ताट उचलायला सांगितल्यावर ते बायकांचं काम असल्याचं आईला ऐकवतो. हे सगळं किशोरांच्या फँटसीत.

वाचक भडकले. तक्रारी साधारण तीन प्रकारच्या होत्या. एक, तुम्ही गेडला नामर्द केलंत. दोन, तुम्ही गोष्ट सोडून स्त्रीवादाचं भाषण दिलंत. तीन, आणि मला यात सगळ्यात जास्त तथ्य वाटतं, तुम्ही आमचं बालपणीचं पुस्तक बदललंत. दुसरीकडे त्याच पुस्तकाला १९९०च्या सर्वोत्कृष्ट कादंबरीचा नेब्युला मिळाला, आणि अनेक वाचक, विशेषतः वाचक बायका, म्हणू लागल्या की अर्थसी आत्ता कुठे पूर्ण झालं. गंमत म्हणजे स्त्रीवादी समीक्षेतूनही नाराजीचे सूर निघाले. एवढं सगळं करून टेनार शेवटी चूल आणि मूल यांतच राहिली ना, असं.

माझ्या सीनियरचा आरोप पहिल्या प्रकारचा आहे, आणि तो पुराव्यावर टिकत नाही. गेडची शक्ती चौथ्या पुस्तकात गेली नाही, ती तिसऱ्यात गेली. तिथे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या पुस्तकाने एवढंच विचारलं की टाळ्या थांबल्यावर तो माणूस झोपला कुठे आणि त्याला जेवायला कुणी घातलं. आख्यायिकेत भांडी घासावी लागत नाहीत. राग खरा आहे, पण तो शक्ती गेल्याचा नसावा. शक्ती गेलेला माणूस जवळून दाखवल्याचा असावा.

तिसरी तक्रार मात्र अशी उडवून लावता येत नाही. अठरा वर्षं एखादी गोष्ट तुमच्या मनात एका आकारात बसलेली असते. तिच्यावर तुमचाही काही हक्क तयार होतो. तो आकार मोडायचा अधिकार लेखकाला आहे का?

इथे ल ग्विन यांनी नेमकं काय केलं आणि काय केलं नाही, हे बघायला हवं. टॉल्किन यांनी 'द हॉबिट' १९३७मध्ये लिहिलं. पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची अंगठी त्यात बसेना, तेव्हा त्यांनी गॉलमचं प्रकरण नव्याने लिहिलं आणि १९५१च्या आवृत्तीत घातलं. जुन्या आवृत्तीतली हकिगत म्हणजे बिल्बोने मारलेली थाप, असं खुबीदार स्पष्टीकरणही दिलं. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी जुना कोडच बदलला आणि वर कॉमेंट टाकली. ल ग्विन यांनी पहिल्या तीन पुस्तकांतली बायकांना कमी लेखणारी एक ओळही पुसली नाही. बायकांच्या जादूबद्दलची ती म्हण आजही 'विझर्ड'मध्ये जशीच्या तशी छापली जाते. त्यांनी वर नवा कमिट केला, हिस्टरी तशीच ठेवली.

ही त्यांची सवयच होती. 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या १९६९च्या कादंबरीत ना स्त्री ना पुरुष अशी माणसं आहेत, आणि त्या सगळ्यांसाठी त्यांनी पुल्लिंगी सर्वनाम वापरलं म्हणून टीका झाली. १९७६मध्ये त्यांनी एका निबंधात आपली बाजू मांडली. मत बदललं तेव्हा, १९८७मध्ये, त्यांनी तो निबंध मागे घेतला नाही. जुना मजकूर ठेवून शेजारी नव्या टिपा लिहिल्या, स्वतःशीच वाद घालणाऱ्या. अर्थसीबद्दलही त्यांनी १९९२मध्ये ऑक्सफर्डला व्याख्यान दिलं, आणि नायककथेची परंपरा पुरुषांची आहे, आपणही तिच्या आत राहूनच पहिली तीन पुस्तकं लिहिली, असं मोकळेपणाने मांडलं. 'तेहानू'वर चिडलेल्या वाचकांना पहिली तीन पुस्तकं निर्दोष वाटत होती. त्यांच्यावरची सगळ्यात कडक समीक्षा लेखिकेनेच लिहिली होती.

ते 'शेवटचं पुस्तक' अर्थातच शेवटचं ठरलं नाही, आणि त्या उपशीर्षकाबद्दल पुढे ल ग्विन यांनी स्वतःचीच टर उडवली. २००१मध्ये दोन पुस्तकं आली. 'टेल्स फ्रॉम अर्थसी'मधल्या 'द फाइंडर' या दीर्घकथेत त्या शेकडो वर्षं मागे जातात आणि रोकची शाळा स्थापन कशी झाली ते सांगतात. तर ती शाळा उभी करण्यात बायका होत्या. नंतर त्यांना बाहेर काढलं गेलं, आणि मग त्या कधी नव्हत्याच असं सगळे समजू लागले. मला हे पूर्ण मालिकेतलं सगळ्यात धारदार काम वाटतं. पहिल्या पुस्तकातली ती म्हण इथे एकदम दस्तऐवज बनते. लेखिकेचं मत म्हणून लिहिलेली ओळ नव्हे, तर जिंकलेल्यांनी रूढ केलेली म्हण. एक अक्षर न बदलता तिचा अर्थ बदलला. 'दि अदर विंड'मध्ये तर तिसऱ्या पुस्तकातला मृतांचा तो कोरडा प्रदेशच मोडीत निघतो.

आमच्या पिढीची अडचण अशी की आम्हाला ती अठरा वर्षं मिळालीच नाहीत. मी सगळी पुस्तकं फोनवर, ऑफिसच्या बसमध्ये, पंधरा-वीस दिवसांत संपवली. तिसरं पुस्तक मंगळवारी संपलं, चौथं बुधवारी सुरू झालं. ज्याच्याकडे गेडचा तो देखणा निरोप अठरा वर्षं जपून ठेवलेला होता, त्याचं दुखणं मला एका रात्रीत कसं कळणार? माझ्या सीनियरने शाळेत असताना तिन्ही वाचली आणि चौथं थेट नोकरीला लागल्यावर. मावसबहिणीने उलटं केलं. तिच्या कॉलेजच्या लायब्ररीत फक्त 'तेहानू' होतं, म्हणून तिने तिथूनच सुरुवात केली. तिच्यासाठी गेड हा पहिल्या पानापासूनच एक थकलेला, प्रेमळ शेळीवाला आहे. तरुणपणी तो मोठा जादूगार होता ही तिला नंतर कळलेली जुनी बातमी.

ल ग्विन २२ जानेवारी २०१८ला गेल्या. त्याच वर्षी 'द पॅरिस रिव्ह्यू'मध्ये त्यांची 'फायरलाइट' ही छोटी कथा आली, गेडच्या अखेरच्या दिवसांची. म्हातारा गेड आहे, शेजारी टेनार आहे. वर्षाच्या शेवटाकडे सगळं अर्थसी एका जाडजूड खंडात निघालं. त्यातल्या चित्रांसाठी चार्ल्स व्हेस या चित्रकाराने ल ग्विन यांच्याबरोबर काही वर्षं काम केलं होतं. त्या खंडात गेडचा रंग बरोबर आहे. सुरुवातीला मावशी आणि ती म्हण आहे, आणि बऱ्याच पुढे, रोक बेटावर शाळेचा पाया घालणाऱ्या बायका आहेत. सीनियरकडे हा खंड आहे. बुकमार्क अजून तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आहे.