फॉलिक आम्ल : परळपासून सुरू झालेली गोष्ट

‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी दिली जाते. पुष्कळ शिक्षक ती स्वतः वाटतात. तिला आपण ‘लोहाची गोळी’ म्हणतो. पण तिच्यात ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लही असते. या दुसऱ्या घटकाचा शोध ज्या संशोधनातून लागला, त्याची सुरुवात मुंबईत झाली.

१९२८ मध्ये ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी तीव्र रक्तक्षय होई आणि त्यात अनेकींचा मृत्यू ओढवे. या रक्तक्षयात तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. परळच्या हाफकिन संस्थेत विल्सबाईंनी कामाला सुरुवात केली. हा रोग जंतूंमुळे होतो का, हे त्यांनी तपासले. तसा पुरावा मिळाला नाही. मग त्या स्त्रियांच्या जेवणाकडे वळल्या. रोग झालेल्या स्त्रियांच्या आहारात भाज्या, फळे, दूध यांची मोठी उणीव होती. तसाच निकृष्ट आहार माकडांना दिल्यावर त्यांनाही रक्तक्षय झाला. यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात स्वस्त मिळणारे ‘मार्माइट’, दिल्यावर तो बरा झाला. रुग्ण स्त्रियांनाही त्याचा गुण आला. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. यीस्टमधला नेमका कोणता पदार्थ गुणकारी आहे हे माहीत नव्हते. त्याला ‘विल्स घटक’ असे नाव पडले.

पुढे १९४१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकापासून एक आम्ल वेगळे केले. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून ते फॉलिक आम्ल. १९४५ च्या सुमारास लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव.

इथपर्यंत ही रक्तक्षयाची गोष्ट झाली. तिचा बाळाच्या मज्जारज्जूशी काय संबंध?

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात भ्रूणाच्या पाठीच्या बाजूला पेशींची एक चपटी पट्टी तयार होते. तिच्या कडा वर उचलल्या जातात आणि करंजीच्या पारीप्रमाणे एकमेकींना जुळतात. अशी जी नळी बनते तिला मज्जानलिका म्हणतात. तिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. हे सर्व सुमारे २८ व्या दिवसापर्यंत पुरे होते. डोक्याकडची बाजू उघडी राहिली तर मेंदू व कवटी नीट घडत नाही आणि बाळ जगत नाही. खालची बाजू उघडी राहिली तर दुभंगलेला कणा, म्हणजे ‘स्पायना बायफिडा’, होतो. अशा मुलांपैकी अनेकांचे पाय लुळे पडतात, लघवीवर ताबा राहत नाही.

या दिवसांत पेशी अतिशय वेगाने विभागत असतात. प्रत्येक विभाजनासाठी नवे डीएनए लागते आणि ते बनवण्यासाठी फॉलिक आम्ल लागते. अस्थिमज्जेतही पेशी सतत विभागत असतात. म्हणूनच याच्या अभावी रक्तक्षय होतो. एकच उणीव, पण ती दोन ठिकाणी दिसते.

१९६५ मध्ये हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी लिव्हरपूलमध्ये असा संबंध असावा अशी शंका मांडली. १९८० मध्ये स्मिथेल्स व सहकाऱ्यांनी, आधीचे मूल या दोषाचे असलेल्या स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. गर्भधारणेच्या आधीपासून जीवनसत्त्वे घेतलेल्यांच्या १७८ बाळांत एकालाच दोष होता. न घेतलेल्यांच्या २६० बाळांत १३ जणांना. फरक मोठा होता. पण हे दोन गट चिठ्ठ्या टाकून केलेले नव्हते. जीवनसत्त्वे घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक सुस्थितीतल्या असतील, ही शंका उरलीच.

मग ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८३ मध्ये सात देशांत चाचणी सुरू केली. तीवर वाद झाला. ज्या गोळीने बाळ वाचू शकते, ती निम्म्या स्त्रियांना न देणे कितपत योग्य? आणि खात्री नसताना जगभरच्या स्त्रियांना एखादे औषध देणे तरी कितपत योग्य? आम्हा संशोधकांना या प्रश्नाचे सोपे उत्तर आजही सापडत नाही. १९९१ मध्ये निकाल इतका स्पष्ट झाला, की चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवावी लागली. दोष असलेल्या २७ गर्भांपैकी फॉलिक आम्ल मिळालेल्या गटांत ६ होते, न मिळालेल्या गटांत २१. इतर जीवनसत्त्वांचा असा उपयोग दिसला नाही. पुढच्याच वर्षी हंगेरीत चाइझेल यांनी दाखवले, की पूर्वी असे मूल न झालेल्या स्त्रियांनाही फॉलिक आम्ल असलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा लाभ होतो.

अमेरिकेने १९९८ पासून पिठात फॉलिक आम्ल मिसळणे सक्तीचे केले. जिथे मुख्य चाचणी झाली, त्या ब्रिटनने मात्र हा निर्णय २०२१ मध्ये घेतला. फॉलिक आम्ल जास्त मिळाल्यास बी-१२ ची उणीव झाकली जाईल, ही भीती या विलंबामागचे एक कारण होती.

आता वर्गात काय सांगावे? पहिली गोष्ट तारखांची. पाळी चुकल्याचे लक्षात येऊन तपासणी होईपर्यंत मज्जानलिका बहुधा मिटलेली असते. त्यामुळे फॉलिक आम्ल गर्भधारणेच्या आधी किमान महिनाभर आणि नंतर तीन महिने, रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे लागते. आधीचे मूल या दोषाचे असेल तर डॉक्टर अधिक मात्रा देतात. आठवड्याची निळी गोळी रक्तक्षयासाठी आहे; ती या रोजच्या गोळीची जागा घेत नाही. पालेभाज्या आणि डाळींत फोलेट असते, पण ते उष्णतेने नष्ट होते व पाण्यात उतरते; भाजी उकडून पाणी फेकू नये.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. सगळेच दोष याने टळत नाहीत. आनुवंशिकता, मधुमेह, फेफऱ्यावरची काही औषधे अशी इतर कारणेही आहेत. म्हणून असे मूल जन्मले तर आईला दोष देणे हे अज्ञान आहे आणि अन्यायही. गिरणीतल्या त्या स्त्रियांचा दोष इतकाच, की त्यांच्या ताटात पुरेसे अन्न नव्हते.