कॅम्पातले ब्रदर, नगरचे मास्तर

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यातून हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. त्यातला प्राथमिक शिक्षकांबद्दलचा भाग आजही थांबून वाचावा असा आहे. शिक्षक प्रशिक्षण घेतलेला असावा, त्याला दरमहा निदान बारा रुपये मिळावेत आणि तो शक्यतो शेतकरी समाजातून आलेला असावा, अशी त्यांची मागणी होती. वेळ पडली तर नांगर धरणारा, सुताराचा वाकस चालवणारा, ज्यांना समाजाने खाली ढकललं त्यांच्यात बिनदिक्कत मिसळणारा मास्तर त्यांना हवा होता.

चारच वर्षांनी, १८८६ मध्ये, पुणे हा स्वतंत्र कॅथोलिक धर्मप्रांत झाला. त्याच्या शाळांविषयी पुणेकर भरभरून बोलतात. कॅम्पातल्या दगडी इमारती, शिस्त, इंग्रजी, फादर-सिस्टरांच्या आठवणी, सगळं निघतं. पण तिथे शिकवणारी माणसं कशी घडवली गेली, हे मात्र कोणी फारसं विचारत नाही. घडवण्याच्या वाटा दोन होत्या. एक कॅम्पातून जायची, दुसरी नगर जिल्ह्याच्या खेड्यांतून. पहिलीची दखल घेतली गेली, दुसरीची जवळजवळ नाही, आणि ही उणीव भरून निघायला हवी.

पुण्यात कॅथोलिक वस्ती पेशवाईपासूनची. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये जागा दिली. शाळांचा जोर मात्र लष्कराबरोबर वाढला. १८६० मध्ये कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी सुरू झालं, १८६७ मध्ये सेंट व्हिन्सेंट्स. सैनिक, रेल्वेतले अँग्लो-इंडियन, गोव्याहून आलेले कारकून यांची मुलं आधी आली, मग गावातली.

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांचा संघ फ्रान्समधल्या लिआँ शहरातला. क्लॉडिन थेवने या बाईंनी तो १८१८ मध्ये स्थापन केला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धुमश्चक्रीत त्यांच्या दोन भावांना मृत्युदंड झाला होता. त्यानंतर त्यांनी अनाथ मुलींना जवळ केलं. त्या मुली लिहायला-वाचायला शिकत आणि रेशीम विणून आपल्या पायांवर उभ्या राहत. १८४२ मध्ये या संघाच्या सिस्टर आग्र्याला पोहोचल्या आणि तिथून पुढे मुंबई-पुण्याकडे. त्या काळी संघात येणारी तरुणी शिकवायला शिकायची ती जुन्या सिस्टरच्या हाताखाली. वर्गात मागे बसायचं, वह्या तपासायच्या, लहानांना सांभाळायचं, मग एखादा विषय घ्यायचा. प्रमाणपत्र हे नंतरचं. पुढे याच संघाने १९०४ मध्ये सिमल्याला सेंट बीड्स कॉलेज काढलं, तेव्हा शिक्षिका तयार करणं हे त्याचं मोठं काम होतं.

व्हिन्सेंट्स येशूसंघाच्या फादरांची. त्यांच्याकडे शिक्षक घडवण्याची रीत तीनशे वर्षं मुरलेली होती. १५९९ च्या 'रात्सिओ स्तुदिओरुम' या त्यांच्या शिक्षणसंहितेत रेक्टरसाठी एक नेमका नियम आहे. ज्यांना लवकरच वर्गावर जायचं आहे, त्यांनी शिक्षण संपत आलं की आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी तासभर, एका मुरलेल्या शिक्षकापुढे बसावं. आळीपाळीने पाठ समजावून सांगावा, शुद्धलेखन घालावं, लिहावं, चुका दुरुस्त कराव्यात. आज बी.एड.च्या विद्यार्थ्याची जी सराव-पाठांची धावपळ चालते, तिचं हे जुनं रूपच म्हणायला हवं.

याशिवाय रीजन्सी. फादर होऊ पाहणारा तरुण तत्त्वज्ञान संपवतो आणि ईश्वरविज्ञान सुरू करण्याआधी त्याला दोन-तीन वर्षं कामावर पाठवतात, बहुधा शाळेत. मुलं त्याला 'ब्रदर' म्हणतात. विशीतला हा ब्रदर सकाळी भूमिती शिकवतो, संध्याकाळी मैदानावर शिट्टी घेऊन उभा असतो, रात्री बोर्डिंगात अभ्यासाला बसलेल्या पोरांवर नजर ठेवतो. वर्ग हाताबाहेर गेला तर शेजारच्या वर्गातला अनुभवी शिक्षक येऊन उभा राहतो, आणि तास संपल्यावर दोन शब्द सांगतो. ते दोन शब्द कुठल्याही पुस्तकात नसतात. कितीतरी मुख्याध्यापक याच मुशीतून निघाले.

पहिल्या महायुद्धात ही घडी विस्कटली. मुंबई-पुण्याच्या मिशनमध्ये जर्मन फादरांचा भरणा होता आणि इंग्रज सरकारच्या लेखी ते एका रात्रीत शत्रू ठरले. काहींना नजरकैद झाली, पुढे त्यांची मायदेशी रवानगी झाली. पुण्याचे बिशप हेन्री डोरिंग युद्धकाळात युरोपात होते, त्यांना परत येऊ दिलं नाही. १९२१ मध्ये रोमने त्यांना जपानमध्ये हिरोशिमाला पाठवलं आणि १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याला आले. अशा काळात शाळा तगली ती इतर देशांतून आलेल्या फादरांमुळे आणि इथल्याच, झगा न घालणाऱ्या, पगारी शिक्षकांमुळे. या पगारी माणसांवर शाळेचा केवढा भार आहे, हे तेव्हा पहिल्यांदा ठळकपणे दिसलं.

दुसऱ्या वाटेची गोष्टही डोरिंग यांच्यापासूनच सांगता येते. बिशप होण्याआधी ते नगर जिल्ह्यात, राहुरी तालुक्यातल्या केंदळ गावी मिशनरी होते. १९०३ मध्ये त्यांनी तिथून 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केलं. ते आजही चालू आहे. खेड्यात असं मासिक वाचणार कोण? बहुतेक जण निरक्षर, त्यामुळे ते उघडून चारचौघांत मोठ्याने वाचणारा माणूस बहुधा मिशनच्या शाळेचा मास्तरच असणार.

हा मास्तर नीट पाहायला हवा. शाळा म्हणजे एक खोली, रविवारी तिचंच देऊळ. एकाच माणसाकडे बिगारीपासून चौथीपर्यंतची पोरं. पाटी, बाराखडी, पाढे, आणि त्यांच्या जोडीला प्रार्थना आणि धर्मशिक्षण. फादर लांब राहत, त्यांची फेरी अधूनमधून येई. मधल्या काळात रविवारची प्रार्थना मास्तर घेणार, मयतीला मास्तर उभा राहणार, सावकाराची चिठ्ठी वाचून दाखवायला लोक मास्तरकडेच येणार. हंगामात पोरं गुरांमागे गेली की वस्तीवर जाऊन त्यांना गोळा करणंही त्याच्याच वाट्याला. पगार तुटपुंजा.

नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत महार समाजातली कुटुंबं मोठ्या संख्येने होती. त्यामुळे मिशनच्या बोर्डिंगात शिकून, व्हर्नाक्युलर फायनल ही सातवीची परीक्षा पास होऊन, शाळेवर उभा राहिलेला मास्तर बहुतेक वेळा त्याच वस्तीत जन्मलेला असे. फुल्यांनी या मिशनसाठी काही लिहिलं नव्हतं. पण त्यांना हवा होता तसा, शिकवण्यासाठी वस्तीत जायला न कचरणारा शिक्षक इथे प्रत्यक्ष उभा होता. कारण ती वस्ती त्याचीच होती.

त्याचं प्रशिक्षण तुकड्यातुकड्यांनी झालं. फायनलनंतर आधी नोकरी, मग जमेल तेव्हा ट्रेनिंग कॉलेज. 'फर्स्ट इयर ट्रेंड', 'सेकंड इयर ट्रेंड' ही त्या काळच्या मास्तरांची ओळख होती, आणि प्रत्येक वर्षाने पगारात थोडी भर पडायची. धर्मशिक्षण शिकवण्याची तयारी मात्र फादरच करून घेत. कोणत्या वयाच्या मुलाला काय सांगायचं, किती पाठ करून घ्यायचं, हे त्या-त्या ठिकाणच्या फादरवर अवलंबून असे. काही फादर फार मन लावून शिकवत, काही नाही. त्याची झळ शेवटी मास्तरालाच लागे.

स्वातंत्र्यानंतर सनदी शिक्षकांची गरज वाढली. पुण्यात टिळक शिक्षणशास्त्र महाविद्यालय १९४१ पासून होतं. मुंबईत येशूसंघाने १९५३ मध्ये सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन काढलं, तेव्हा कॅथोलिक शाळांना जवळची अशी बी.टी.ची, पुढे बी.एड.ची सोय झाली. पुण्यात १९४० च्या दशकात आलेल्या माउंट कार्मेलच्या सिस्टरांचा संघ तर अध्यापनासाठीच जन्मला होता. मदर व्हेरोनिका यांनी १८६८ मध्ये फ्रान्समधल्या बायोन इथे तो सुरू केला, तो भारतातल्या शाळांसाठी धर्मभगिनी तयार करायला. पहिल्या तिघी १८७० मध्ये मंगळूरला उतरल्या. १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीचं पोपपीठीय विद्यापीठ पुण्यात, नगर रस्त्यावर आलं, आणि देशभरातले भावी फादर शिकायला या शहरात जमू लागले. इथे तत्त्वज्ञान शिकून कोणी झारखंडात रीजन्सीला जातो, कोणी गुजरातेत.

१९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणावरचा जाहीरनामा काढला. कॅथोलिक शाळेची भिस्त मुख्यतः शिक्षकांवर आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं. १९८२ मध्ये रोमने केवळ प्रापंचिक शिक्षकांसाठी वेगळा दस्तऐवज दिला, कारण झगेवाले कमी होत होते आणि शाळा वाढत होत्या. पुण्यात आज वर्गात उभ्या असणाऱ्या बहुतेकजणी घरसंसार असलेल्या बाया आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी ख्रिस्तीही नाहीत. कॅम्पातल्या शाळेत घंटा झाली की वर्ग दुभंगतो. कॅथोलिक मुलं कॅटेकिझमला जातात, बाकीची मॉरल सायन्सला. मॉरल सायन्स घेणाऱ्या हिंदू किंवा मुसलमान बाईंना या तासासाठी बी.एड.ने काही दिलेलं नसतं. ते शाळेनेच द्यायचं. जिथे मुख्याध्यापिका वर्षाच्या सुरुवातीला बसून नीट बोलते, तिथे तो तास जिवंत होतो. जिथे फक्त पुस्तक हातात ठेवतात, तिथे मुलं वहीत चित्रं काढतात.

सरकार पात्रता मोजतं, आणि तेही हवंच. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागू केली, मात्र अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. फादरांच्या फेरीतून किंवा शेजारच्या वर्गातून मिळणारं शिक्षण या मोजणीत येत नाही.

१९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि नगर जिल्हा पुण्याकडून तिकडे गेला. त्या खेड्यांतली असंख्य कुटुंबं मात्र तोवर नोकरी-धंद्यासाठी पुण्यात आली होती. वडगाव शेरी, पिंपरी-चिंचवड, येरवडा इथल्या मराठी कॅथोलिक घरांत आजही विचारलं तर आजोबा किंवा पणजोबा मास्तर होते असं सांगणारे सापडतात. कोण कुठल्या गावी होतं, कितवी शिकलं होतं, ट्रेनिंग कुठे झालं, पगार किती होता, बदली का झाली, हे त्या घरांतून लिहून घ्यायला हवं. तसं झालं तरच कॅम्पातल्या शाळांच्या शतकोत्तर स्मरणिकांशेजारी ठेवायला केंदळच्या आणि आजूबाजूच्या एकशिक्षकी शाळांचंही एक पुस्तक होईल.