युद्ध आणि रयत (पनवेल–वडगाव मोहीम, १७७८–७९)

पहिल्या इंग्रज–मराठा युद्धातील मोहीम. जी माणसे लढत नाहीत त्यांच्या जिवावर, घरादारावर आणि कणगीतल्या दाण्यावर लढणाऱ्याचा हक्क कुठवर चालतो, हा प्रश्न तिच्यात नीट दिसतो.

राघोबादादांना पुण्याच्या कारभारावर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज नोव्हेंबर १७७८ मध्ये पनवेलला उतरली. खाडीने पनवेल बंदरात आलेला माल बैलांच्या पाठीवरून बोरघाट चढायचा. फौजेनेही तीच वाट धरली. शिपाई चार हजारांच्या आतबाहेर, आणि त्यांचा दाणागोटा व दारूगोळा वाहायला सुमारे एकोणीस हजार बैल. घाट चढेपर्यंत डिसेंबर सरत आला. अशा फौजेला समोरासमोर मारण्यापेक्षा उपाशी ठेवणे सोपे, हे नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांनी ओळखले. ९ जानेवारी १७७९ रोजी इंग्रज तळेगावला पोचले, तेव्हा मराठ्यांनी गाव आधीच जाळून ठेवले होते. पुढे चिंचवड आणि वेळ पडली तर पुणेही जाळायची तयारी असल्याची इंग्रजी इतिहासांत नोंद आहे. ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी अवजड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान पेटवले आणि माघार घेतली. वडगावला ते घेरले गेले आणि तह करून सुटले.

डाव फळाला आला, यात वाद नाही. पण जळाले ते आपल्याच रयतेचे गाव. विजयाच्या वर्णनांत तळेगाव बहुधा एका वाक्यात उरकले जाते. उलट कार्ल्याजवळ पडलेला शत्रूचा कॅप्टन स्टुअर्ट ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लोकांच्या तोंडी राहिला.

मराठी राज्याची जुनी शिस्त याहून कडक होती. चिपळूणजवळ छावणी पडलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी १६७३ च्या सुमारास लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण आताच उडवाल तर पावसाळ्यात मिळणार नाही. मग कोणी कुणब्याचे धान्य उचलेल, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, आणि त्यापेक्षा मोगल बरे असे कुणब्यांना वाटू लागेल, असा त्याचा आशय. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर वात पळवून गंजीला आग लावील, इथपर्यंत ताकीद आहे. यात दया आहे तसा रोकडा हिशेबही आहे: रयत उठून गेली की राज्य कशावर चालायचे?

हा हिशेब परमुलखात लागू पडत नाही, ही त्याची उणीव. १७४२ पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून गेल्या. तिथल्या कुणब्याकडून पुढे सारा घ्यायचा नव्हता, चौथ वसूल करायची होती. या फौजांचे ‘बर्गी’ हे नाव बंगालात अजून लोकांच्या स्मरणात आहे, आणि गंगाराम या कवीच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात गावे जाळल्याची, निःशस्त्र माणसे मारल्याची व बायकांवरील अत्याचारांची वर्णने आहेत. कवीची अतिशयोक्ती म्हणून ती झटकणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नाही. चौथाईसाठी केलेली ही कत्तल कोणत्याही गरजेत बसत नाही. तळेगावचा निर्णय कठोर होता. बंगालातील वर्तन हा गुन्हा होता.

आजचा कायदाही जवळपास अशीच रेघ ओढतो. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने नागरिकांना संरक्षण दिले. १९७७ च्या पहिल्या पूरक करारात नागरिकांना लक्ष्य करण्यास, उपासमार हे हत्यार म्हणून वापरण्यास आणि त्यांचे अन्न, पिके, पाणवठे नष्ट करण्यास बंदी आहे. मात्र चालून आलेल्या शत्रूविरुद्ध, स्वतःच्या ताब्यातील स्वतःच्या मुलखात, निकडीच्या लष्करी गरजेपोटी शेवटच्या बंदीला सूट मिळते. भारताने मूळ करारांसाठी १९६० मध्ये कायदा केला. १९७७ च्या करारात तो सामील झालेला नाही.