ऑइलचा काटा

१९४८ साली ब्रिटिश प्रवासी विल्फ्रेड थेसिगर आजच्या संयुक्त अरब अमिरातीतल्या लिवाच्या वाळूत फिरले ते उंटावरून. सोबतच्या बदूंना उंटाची तब्येत लांबूनच कळायची. मदार किती उतरली, पाऊल कसं पडतंय, पाणी पिऊन किती दिवस झाले, सगळं नजरेला दिसायचं. मोटारींबद्दलची नाराजी थेसिगर यांनी ‘अरेबियन सँड्स’मध्ये लपवलेली नाही. पण पुढच्या वीस वर्षांत त्याच मुलखात लँड रोव्हर, बेडफर्ड आणि टोयोटा शिरल्या, आणि चालवणाऱ्यापुढे नवा प्रश्न आला. हे लोखंडी जनावर थकलंय, हे ओळखायचं कशावरून?

त्या काळी संयुक्त अरब अमिरात हे राष्ट्रच नव्हतं; ते जन्मलं २ डिसेंबर १९७१ रोजी. १९५९ पासून तिथे चालणारा ‘गल्फ रुपया’ आपल्या रिझर्व्ह बँकेनं छापलेला होता, आणि १९६६ च्या सप्टेंबरपर्यंत गाड्याही आपल्यासारख्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं धावत. रस्ता म्हणायचा तो मात्र फारच थोडा. अबू धाबीचं कच्चं तेल १९६२ साली दास बेटावरून जहाजात चढलं, तरी दुबईहून अबू धाबीला जाणारा माणूस ‘सबखा’ म्हणजे किनाऱ्यालगतच्या खारट मैदानातूनच वाट काढत होता. वरची कोरडी पापडी फुटली की चाक खालच्या चिखलात रुतायचं. मग खालचा गिअर, इंजिनाचा आक्रोश आणि गाडी मात्र माणसाच्या चालीनं. वेग नाही म्हणजे रेडिएटरला वारा नाही, आणि वर पंचेचाळीस अंशांचं ऊन. १९५१ पासून शारजात तळ असलेल्या ‘ट्रुशियल ओमान स्काउट्स’ या दलाच्या लँड रोव्हर अशाच वाटांवर झिजल्या.

अशा वेळी इंजिनाच्या पोटातलं कळतं ते ऑइलच्या दाबाच्या एका छोट्या काट्यावरून.

त्या काट्याचं मूळ मोटारीच्याही आधीचं. युजीन बोर्दों या फ्रेंच कारागिरानं १८४९ साली वाफेच्या यंत्रांसाठी दाबमापक घडवला. एका टोकाला बंद असलेली वाकडी, चपटी नळी. आत दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि तिला जोडलेला काटा फिरतो. सुरुवातीच्या बऱ्याच मोटारींना हे लागतच नव्हतं. फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये ऑइलचा पंपच नव्हता. फिरते भाग चेंबरमधलं ऑइल उडवत आणि त्यावरच सगळं भागे. ऑइल किती आहे हे बघायला इंजिनाच्या तळाशी दोन तोट्या होत्या. पुढे इंजिनं ताकदवान झाली, पंप आला, आणि बेअरिंगपर्यंत ऑइल दाबानं पोचू लागलं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये ऑइलचा स्वतंत्र काटा होता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दाब म्हणजे ऑइलचं प्रमाण नव्हे. पंप ऑइल ढकलतो आणि बेअरिंगमधली केसाएवढी फट त्याला अडवते. त्या अडवणुकीतून दाब तयार होतो. बेअरिंग झिजलं की फट रुंदावते, ऑइल सहज निसटतं आणि काटा खाली बसतो. ऑइल तापून पातळ झालं तरी तेच. म्हणून जुन्या इंजिनात हा काटा झिजेची नोंदवहीच असतो. जुन्या मेकॅनिकांचा ठोकताळा असा: दर हजार फेऱ्यांना साधारण दहा पौंड दाब हवा. गरम इंजिन आयडलिंगला दहा-पंधरा पौंडांवर टिकलं, तर बऱ्याच जुन्या गाड्यांत तेवढ्यावर समाधान मानतात.

काट्याऐवजी दिवा लावण्याची चाल अमेरिकेतल्या हडसन कंपनीनं १९३० च्या दशकात रुजवली. दिवा स्वस्त, आणि ड्रायव्हरला डोकं चालवायला लावत नाही. पण त्याचा स्विच बहुतेक गाड्यांत दाब पाच-सात पौंडांवर आला की मगच जागा होतो. चाळीस पौंडांवरून पंधरावर आलेली घसरण त्याला दिसतच नाही, आणि तो पेटतो तेव्हा बऱ्याचदा बेअरिंग वाजायला लागलेलं असतं. थंड देशात, गॅरेज कोपऱ्यावर असताना हे चालून जातं. सबखावर, जवळच्या वस्तीपासून दिवसभराच्या अंतरावर, दिवा फार उशिरा बोलतो.

दुबईच्या अल-फुतैम घराण्यानं १९५५ साली टोयोटाशी करार केला. पुढे वाळवंटात घरोघरी पोचलेल्या एफजे-४० लँड क्रूझरच्या डॅशबोर्डवर पेट्रोल आणि पाण्याच्या तापमानाशेजारी ऑइलचा काटा होता. निसान पेट्रोलच्या नव्वदच्या दशकातल्या पिढीनंही तो राखला. या गाड्या तिथे एवढ्या टिकल्या त्याची कारणं अनेक, पण आपली प्रकृती चालवणाऱ्याला सांगणारी गाडी हे त्यातलं एक नक्कीच.

काट्याची खरी परीक्षा असते वाळूच्या टेकडीवर. टायरची हवा कमी करून गाडी उतारावर आडवी घातली की चेंबरमधलं ऑइल एका कुशीला जमा होतं. पंपाची चाळणी उघडी पडते, पंप ऑइलऐवजी हवा ओढतो, आणि काटा क्षणात शून्याकडे कोसळतो. जाणता ड्रायव्हर तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर सोडतो आणि नाक उताराच्या दिशेनं वळवतो. काटा पुन्हा उठला की मगच पाय देतो. १९९१ पासून भरणाऱ्या डेझर्ट चॅलेंज रॅलीत आणि लिवाजवळच्या तल मरेब टेकडीवर हे ज्ञान कामाला येतं. सुमारे तीनशे मीटर उंचीच्या त्या टेकडीचा चढ पन्नास अंशांच्या आसपास असल्याचं सांगतात, आणि तिच्यावर धावणाऱ्यांत सुधारलेल्या निसान पेट्रोल गाड्यांचा मोठा भरणा असतो.

काट्यावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. काही कंपन्यांनी नव्वदच्या दशकात काटा ठेवला, पण त्यामागे जोडला तो दिव्याचाच स्विच. माझदाच्या एमएक्स-५ मध्ये १९९५ च्या सुमारास हेच झालं. ठरावीक दाबाच्या वर काटा मधोमध स्थिर, खाली गेला की शून्य. ग्राहकांना हलणारा काटा अस्वस्थ करतो म्हणून तो हलायचाच थांबवला, ही या इतिहासातली दुःखद गोष्ट. जुनी गाडी विकताना दाट ऑइल ओतून काटा तात्पुरता वर चढवण्याची युक्तीही सगळीकडे चालते. उष्ण प्रदेशात २०-डब्ल्यू-५० ऑइल जुन्या इंजिनाला मानवतं हे खरं, पण त्यानं झिजलेलं बेअरिंग भरून येत नाही.

म्हणून शारजाच्या किंवा अबू धाबीजवळच्या मुसफ्फाच्या औद्योगिक भागात जुनी लँड क्रूझर दाखवायला नेली, तर काळजीनं काम करणारा मेकॅनिक डॅशबोर्डवर विश्वास टाकत नाही. तो इंजिनाच्या ब्लॉकवरचा सेंडर, म्हणजे काट्याला दाब कळवणारा भाग, काढतो आणि त्या जागी नळीला लावलेला साधा मेकॅनिकल गेज बसवतो. आत असते बोर्दोंचीच वाकडी नळी. इंजिन पुरतं तापेपर्यंत तो थांबतो. मग आयडलिंगचा आकडा बघतो, रेस देऊन दुसरा आकडा बघतो, सेंडर परत बसवतो, आणि गाडीचा स्वतःचा काटा त्या दोन आकड्यांशी किती जुळतो ते मालकाला बॉनेटजवळ उभं करून दाखवतो.