वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा

खांदेरीवर उतरायचं ते पूर्वेच्या अंगानं. बेटाला दोन टेकड्या आहेत, त्यांच्यामधल्या सखल जागेशी होडी लागते. नैर्ऋत्येचा वारा त्या टेकड्या अंगावर घेतात, त्यामुळे पावसाळ्यातही हा काठ त्यातल्या त्यात निवांत. समोर उंदेरीचं बेट, त्याच्यामागे, इथून चारपाच किलोमीटरवर, थळचा किनारा, उत्तरेला मुंबई बंदराचं तोंड. जागा नीट पाहून ठेवा. पुढची साडेतीनशे वर्षं तुम्ही इथंच फिरणार आहात. वादळ येणार ही बातमी बेटावर किती आधी पोहोचते, तेवढंच प्रत्येक वेळी बदलत जाईल.

पहिल्यांदा उतरता तेव्हा साल 1679 आहे आणि ऑगस्ट सरत आलाय. मायनाक भंडारीची माणसं शिवाजी महाराजांच्या हुकमावरून बेटावर तट उभा करताहेत, तेही भर पावसाळ्यात. ही वेळ वेड्यासारखी वाटते खरी, पण ती फार विचारानं निवडलेली आहे. मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांनाही हे बेट मराठ्यांच्या हाती जायला नको आहे. मात्र या दिवसांत त्यांच्या मोठ्या जहाजांना इथल्या खडकांजवळ फिरकणं अवघड. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या. रात्री निघतात, शिधा आणि माणसं उतरवतात, उजाडायच्या आत परततात.

धक्क्यापाशी एक म्हातारा तांडेल बसलाय. आज रात्री होडी येईल का, एवढंच तुम्ही त्याला विचारता. तो आधी तिथी मोजतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहाच्या सुमाराला, द्वादशीला नवाच्या. कोकणात हा हिशेब आजही लोकांच्या तोंडी आहे आणि तो थोड्याफार फरकानं जुळतो. मग तो पश्चिमेला बघतो. "वारा न्हाय आनि लाट बगा केवडी लांब येते," तो म्हणतो. "खाली कुठं तरी लई मोठं चाललंय." वाऱ्याचा मागमूस नसताना येणारी ही संथ, लांब अंतराची लाट म्हणजे दूरच्या वादळानं पुढं धाडलेला सांगावा. लाटा वादळापेक्षा वेगानं धावतात. म्हाताऱ्याच्या हाती त्यामुळे एखादा दिवस मिळतो, कधी अर्धाच. तेवढ्यात होड्या वर ओढायच्या आणि माणसांनी टेकडीच्या आडोशाला जायचं. वादळ कुठून कुठं चाललंय हे त्याला कळायला मार्ग नाही.

आता दोन शतकं ओलांडा. वाटेत 1854 चा नोव्हेंबर लागेल. त्या वादळानं मुंबईच्या बंदरात जहाजं फोडली आणि सुमारे हजार माणसं मारली. 1882 च्या जूनमध्ये मात्र उतरू नका. त्या महिन्यात चक्रीवादळानं मुंबईत लाखभर माणसं गेली असं अजूनही ठिकठिकाणी छापलेलं सापडतं, पण असं वादळ झालंच नव्हतं. या किनाऱ्याला खऱ्या वादळांची ददात नाही. खोटं वादळ खऱ्यांच्या यादीत घुसलं की लोक दोन्हींवरचा विश्वास गमावतात, म्हणून हे आवर्जून सांगितलं.

1867 मध्ये बेटावर दीपगृह उभं राहिलं. त्या काळात येताना सोबत एक बॅरोमीटर घेऊन या आणि तो दिवसभर बघत बसा. आपल्या अक्षांशात हवेच्या दाबालाही भरती-ओहोटी असते: सकाळी दहाच्या सुमाराला तो सगळ्यांत वर, दुपारी चारला खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. हे रोजचंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पहाटे चार ते सकाळी दहा, म्हणजे पारा चढायच्या वेळी, तो घसरू लागला तर कामाला लागा.

दुसरी गोष्ट शिकायला कसलं साधन लागत नाही. बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञानं 1857 मध्ये नियम मांडला: आपल्या उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाबाचं केंद्र डाव्या हाताला येतं. करून बघा. पाठ वाऱ्याला द्या, डावा हात सरळ बाजूला पसरा आणि किंचित पुढं न्या. वादळाचा डोळा त्या दिशेला. म्हाताऱ्या तांडेलाला जे कळत नव्हतं ते तुम्हाला कळलं, वादळ कुठं आहे ते.

याच सुमाराला किनाऱ्यावर बावटे आले. 1865 मध्ये कलकत्त्याला बंदरासाठी वादळाचा इशारा देण्याची व्यवस्था झाली, 1880 मध्ये ती पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांना मिळाली. दिवसा खांबावर चढवलेल्या खुणा, रात्री तांबडे-पांढरे दिवे. "तीन नंबरचा बावटा लागलाय" हे वाक्य आजही कोळीवाड्यात कुणाला समजावून द्यावं लागत नाही. पण बावटा बंदरातल्या माणसाला दिसतो; दर्यात गेलेल्याला नाही. आणि खोल समुद्रात वादळ उठलंय हे बंदराला तरी कसं कळणार? त्यातून वाचलेलं एखादं जहाज येऊन सांगेल तेव्हा.

17 जुलै 1947 ला या. सकाळी आठच्या सुमाराला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसला निघाली आहे. गटारीचे दिवस, गाव गाठायची घाई, बोट खचाखच भरलेली. अमावास्येचं उधाण आणि त्यावर पावसाळी वाऱ्याची झोड. हे चक्रीवादळ नव्हे. या किनाऱ्याला दर जुलैत ठाऊक असलेला दर्या आहे हा. काश्याच्या खडकाजवळ बोटीत पाणी शिरतं, भेदरलेली माणसं एका बाजूला धावतात, बोट कलंडते आणि बघता बघता तळ गाठते.

तुम्ही खांदेरीवर आहात, रेवसच्या वाटेपासून फार लांब नाही. पण धुवाधार पावसात तुम्हाला काही दिसत नाही, कानावर काही येत नाही. बोटीवर बिनतारी यंत्र नाही. बोट बुडाल्याचं मुंबईला कळायला कित्येक तास जातात आणि तेही पोहत सुटलेल्या माणसांमुळे. बुडणाऱ्यांना हात मिळाला तो मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांचा. त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात लोटली आणि माणसं आत ओढली. तरी सहाशेहून अधिक गेली. गिरगाव, परळ, अलिबाग, पेण, कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण आहे. ही केवळ निसर्गाची करणी म्हणून सोडून द्यायची माझी तयारी नाही. उधाणाची तिथी पंचांगात छापलेली होती आणि वारा सगळ्यांना दिसत होता. बोट सोडायची की नाही हे ठरवणारं आणि ती वेळेवर पोहोचली नाही तर विचारणारं मात्र कुणी नव्हतं.

2009 च्या नोव्हेंबरात फार थांबू नका. 11 तारखेला 'फयान' अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. हा मासेमारीचा हंगाम, बोटी लांब गेलेल्या. एव्हाना वेधशाळेकडे उपग्रहाची चित्रं आहेत, दूरचित्रवाणीवर इशारे आहेत, कोळ्याच्या खिशात मोबाइल आहे. पण बोट किनाऱ्यापासून लांब गेली की मोबाइलला रेंज नाही. बावट्याची जुनी अडचण तशीच उरली. रत्नागिरीच्या बाजूच्या कितीतरी बोटी परतल्या नाहीत.

आता 3 जून 2020. इथं मुक्काम करा.

31 मे रोजी अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, 2 जूनच्या दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं. तेरा देशांनी मिळून केलेल्या नव्या यादीतलं पहिलंच नाव त्याला मिळालं, बांगलादेशानं सुचवलेलं 'निसर्ग'. उपग्रह त्याच्यावर डोळा ठेवून आहेत. वादळ रायगडच्या किनाऱ्यावर येणार हे थळच्या माणसाला आदल्या दिवशीच ठाऊक आहे. 1679 च्या तांडेलाला हे सांगून बघा, विश्वास बसणार नाही त्याचा.

2 जूनला थळच्या बंदरावर उभे राहा. आगोटीचे दिवस असल्यानं बऱ्याच होड्या आधीच वर घेतलेल्या आहेत. ज्या उरल्या त्या माणसं खांद्याला खांदा लावून ओढताहेत, तोंडावर मास्क, कारण टाळेबंदी चालू आहे. एकमेकांना हात लावू नका असं तीन महिने ऐकत आलेली माणसं एकाच दोराला लोंबकळताहेत. "नाखवा, आजून थोरी वर घ्या, उद्या उधान वर येल." इंजिनं उतरवून घरात नेलेली. जाळी माजघरात. होड्या शाकारायचे झाप आणि ताडपत्र्या दुहेरी दोरांनी आवळलेल्या. किनाऱ्यालगतच्या घरांतली माणसं शाळांत आणि पक्क्या इमारतींत हलवली जाताहेत. करोनाच्या भीतीनं गर्दीत जायला कुणी राजी नाही, तरी जातात.

तिथीचा हिशेब करा. वटपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे 3 तारखेला द्वादशी सरून त्रयोदशी. पाऊणपट केली की नऊ ते पावणेदहा. भरती सकाळी दहाच्या आसपास. वादळ किनाऱ्यावर चढलं साडेबारा ते अडीचच्या दरम्यान. ओहोटी लागली होती. हीच गाठ सकाळी दहाला पडली असती तर थळचं पाणी कुठवर आलं असतं, ते थळच्या कुणालाही विचारा.

3 तारखेला दुपारी एक वाजता खांदेरीवर या. धक्क्यापाशी जाऊ नका. पावसाळ्यात निवांत असणारा तो पूर्वेचा काठ आज उघडा पडलाय, कारण वारा नैर्ऋत्येचा नाही, ईशान्येचा आहे, जमिनीकडून समुद्राकडे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या बाजूला होड्या बांधल्या तीच बाजू मार खाते आहे. पश्चिमेच्या उतारावर उतरा, खडक धरा, वाऱ्याला पाठ द्या आणि डावा हात पसरून थोडा पुढं करा. हात मुरुडकडे जातो. डोळा तिथं आहे. ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा, झोत 130 पर्यंत. 1891 पासूनच्या नोंदींत जून महिन्यात महाराष्ट्राला धडकलेलं हे सर्वांत जोरदार वादळ. पाऊस आडवा येतोय, आणि समोरचं उंदेरी तासाभरापासून दिसेनासं झालंय.

आपल्याकडच्या वादळात वारा घड्याळाच्या उलट फिरतो आणि वादळ ज्या दिशेनं सरकतं तिच्या उजव्या अंगाला त्याच्या स्वतःच्या चालीचा वेगही मिळतो. 'निसर्ग' ईशान्येकडे सरकत होतं. थळ-अलिबाग त्याच्या डाव्या अंगाला पडलं, दिवेआगर आणि श्रीवर्धन उजव्या. अलिबागलाही छपरं उडाली, खांब पडले. पण श्रीवर्धनच्या वाड्यांत दुपारी जे झालं ते वेगळंच.

म्हणून बेट सोडा आणि संध्याकाळी तिकडे जा. रस्ता नाही, आडव्या झाडांवरून चालत जा. श्रीवर्धनी रोठा सुपारीची वाडी म्हणजे नारळाच्या सावलीत दाटीनं वाढलेली उंच, बारीक झाडं, आत दुपारीही उन्हाची तिरीप शोधावी लागते. आज वाडीत लख्ख उजेड आहे. सुपारी मधोमध मोडून एकीवर एक पडलीय, माड मुळांसकट उपटून विहिरीवर आडवा झालाय. वाडीच्या मालकीणबाई पडवीत उभ्या आहेत. घरावरची कौलं गेली, त्याबद्दल त्या बोलत नाहीत. "सासऱ्यांनी लावलेली झाडं हो ही," एवढंच म्हणतात.

राज्यात मृत्यू अगदी मोजके झाले. तीन दिवसांच्या इशाऱ्यानं माणसं वाचवली, होड्या वाचवल्या, आणि हे यश लहान नाही. 'रामदास'च्या बातमीसाठी तिष्ठत बसलेल्या घरांना जाऊन विचारा. पण तीन दिवसांत वाडी उचलून वर घेता येत नाही. विजेचे खांब, मोबाइलचे मनोरे, शाळेचे पत्रे हेही नाही. ज्या फोननं इशारा दिला तो वादळानंतर कित्येक दिवस मुका झाला आणि काही गावांत वीज यायला आठवडे लागले. आपण वादळ बघायला शिकलो, ही शिकण्याची अर्धी बाजू. जागचं हलू न शकणाऱ्या गोष्टींची तयारी वादळ नसताना, वर्षानुवर्षं करावी लागते: जमिनीखालून वीजवाहिन्या, भक्कम निवारे, वाऱ्याच्या वाटेत सुरूची आणि उंडीची राई, आणि नुकसानभरपाईचे कोकणाला लागू पडणारे नियम.

त्या नियमांचं काय झालं ते बघायला दोन महिने पुढं सरका. फळबागांची मदत आधी हेक्टरी 50,000 रुपये ठरली. श्रीवर्धनात जमीन गुंठ्यांत मोजतात; हेक्टरी 50,000 म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये, आणि सात-बारावर भावकीची डझनभर नावं. ओरड झाली तेव्हा सरकारनं झाडावर हिशेब आणला: नारळाला 250 रुपये, सुपारीला 50. मालकीणबाई तलाठ्याबरोबर वाडीत फिरताहेत. बुंधे मोजायचे आहेत, पण निम्मे बुंधे वाट मोकळी करताना तोडून बाहेर टाकले गेलेत आणि पंचनाम्यात ते कुठं दाखवायचे यावर दोघांची बोलाचाली चालू आहे. वाडीच्या कोपऱ्यात विहिरीजवळ सुपारीची रोपं पिशव्यांत उभी आहेत. पहिला घड धरायला त्यांना सहासात वर्षं लागतील. बाई तलाठ्याला थांबवतात, पडलेल्या माडाखाली हात घालून एक बुंधा दाखवतात आणि म्हणतात, "हा राहिला, हा लिहा."